याले ऊन लागलं

मे महिन्याचा दुसरा आठवडा, दुपारचे तीन. त्रिमूर्तीनगरातल्या एका फ्लॅटचा हॉल. खिडक्यांना जाड पडदे, कूलरची घरघर, ओल्या वाळ्याचा वास, आणि भिंतीला लागून तीन फुटी समुद्री टँक. दिवे बंद होते, कारण टँकचा ‘दिवस’ संध्याकाळी सुरू होतो. पडद्याच्या फटीतून येणारा एक पांढरा पट्टा नेमका मधल्या लेदर कोरलवर पडला होता. तळहाताएवढं, एरवी दालचिनीच्या रंगाचं ते प्रवाळ वरच्या बाजूने साबुदाण्यासारखं फटफटीत झालं होतं. घरातल्या आजी खुर्ची ओढून समोर बसल्या, पदराने काच पुसली, आणि म्हणाल्या, “याले ऊन लागलं.” आत मुलगा लॅपटॉपवर होता. तिथूनच तो म्हणाला, “आई, पाणी सव्वीस डिग्री आहे. आपल्यापेक्षा थंडाव्यात आहे ते. कात टाकून राहिलं असेल.” आजींनी मान हलवली नाही. दहा दिवसांपूर्वी बसवलेल्या नव्या दिव्याकडे नुसती बोट दाखवून राहिल्या.

त्या एका वाक्यात निदान, कारण आणि निम्मा उपचार होता. खटकलं ते एवढंच की, ज्या माणसाने चार महिने दिव्यांचे आलेख अभ्यासले, त्याला ते दिसलं नाही.

त्याचं कारण कदाचित शब्दातच असावं. मराठीत ऊन आणि उजेड वेगळे आहेत. उजेड पडतो, दिसतो, पुरतो किंवा पुरत नाही. ऊन लागतं, बाधतं, उतरतं. थंडीत तेच आपण खातोही. उजेडाचा संबंध डोळ्याशी, उन्हाचा अंगाशी. दिव्याच्या खोक्यावर जे काही छापलेलं असतं, वॅट, ल्युमेन, केल्विन, त्यातून डोळ्यापुरता अंदाज येतो. वॅट म्हणजे दिव्याने विजेच्या मीटरकडून किती घेतलं. ल्युमेन आणि लक्स म्हणजे माणसाच्या डोळ्याला किती लख्ख दिसलं. माणसाचा डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे पोपटी-पिवळ्या रंगाला सर्वांत तिखट. प्रवाळाच्या पेशींत बिऱ्हाड करून राहणारी सूक्ष्म शैवालं मात्र मुख्यतः ४०० ते ५०० च्या निळ्या पट्ट्यावर जगतात. समुद्राचं पाणी लाल रंग वरच्या काही मीटरांतच शोषून घेतं, खाली उरतो तो निळा. त्यांचा डाळभात तोच.

आता या घरात काय झालं ते बघा. आधी टी-फाइव्ह, म्हणजे चार बारीक ट्यूबलाइटचा दिवा होता. मुलाने फोनमधल्या लक्स मोजणाऱ्या ॲपने पाण्यालगत मोजलं, बारा हजार आले. नवा निळसर एलईडी लावून तिथेच मोजलं, तर आठ हजार. म्हणजे कमी पडतोय, असं समजून त्याने निळी बाजू शंभर टक्क्यांवर नेली आणि पांढरी पन्नासवर. हिशोब बरोबर, मापच चुकीचं. निळ्या प्रकाशाला लक्स जवळजवळ मोजतच नाही. दुधाची घागर फूटपट्टीने मोजण्यातला प्रकार. प्रत्यक्षात प्रवाळावर पडणारा उपयोगी प्रकाश बहुधा दुपटीच्या वर गेला होता, आणि ॲप म्हणत होतं, अजून वाढव.

उपयोगी प्रकाशाचं माप निराळं असतं. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले प्रकाशकण एका चौरस मीटरवर एका सेकंदात किती पडले, ते मायक्रोमोलमध्ये. टँकवाले त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘पार’ म्हणतात. आपल्याकडे पार म्हणजे वडाखालची सावलीची जागा, हा योगायोग गमतीचा आहे. मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवर भर दुपारी साधारण दोन हजार पार पडतो. मशरूम कोरलला पन्नास ते ऐंशी पुष्कळ झाला. झोआंथिड, म्हणजे फुलांच्या गुच्छासारखी दिसणारी कोरलं, ऐंशी ते दीडशेत खुलतात, लेदरला शंभर-दीडशे पुरतो. म्हणजे यांना लागतो तो गच्चीतला सूर्य नव्हे, व्हरांड्यातली दुपार. पारमीटर महाग असतो आणि वर्षातून दोन-तीनदाच लागतो, म्हणून शहरातल्या टँकवाल्यांनी वर्गणी काढून एक घ्यावा आणि फिरवावा. तो मिळेस्तोवर लक्सचं ॲप एवढ्याच कामाचं : त्याच दिव्याची, त्याच सेटिंगवरची, आजची आणि सहा महिन्यांनंतरची तुलना. सूर्यप्रकाशात लक्सला ५४ ने भागलं की पार निघतो, हे खरं आहे. पण ते सूर्यापुरतं. निळ्या एलईडीला तो भागाकार लावला की घात.

कुठली कोरलं, हेही एकदा सांगून टाकू. कठीण सांगाड्याची सगळी प्रवाळं, समुद्रपंखे, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ ही २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. ती घरात ठेवायचा विषयच नाही. खडकसुद्धा समुद्रातून आणलेला नको, सिमेंटचा किंवा सिरॅमिकचा चालतो. तेव्हा परदेशी व्हिडिओत दिसणारे तीनशे-साडेतीनशे पारचे आकडे त्या फांद्यांच्या प्रवाळांचे आहेत. लेदर-मशरूमसारखं मऊ, कठीण सांगाडा नसलेलं कोरल ठेवून तेवढा प्रकाश सोडणं म्हणजे मनीप्लँट गच्चीच्या कठड्यावर नेऊन ठेवणं. दिवा निवडताना निम्मे पैसे इथेच वाचतात.

पांढरं पडणं म्हणजे काय, तर बिऱ्हाडकरू निघून जाणं. शैवालाला पेलवेल त्याहून जास्त प्रकाश आला की त्याच्या कारखान्यात बिघाड होतो, ऑक्सिजनचे घातक रेणू साठतात, आणि प्रवाळ जीव वाचवायला त्या शैवालालाच बाहेर काढतं. रंग त्याचा होता, तो गेला; अन्नाचा मोठा वाटाही गेला. म्हणून पांढरं कोरल मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी तापलेलं असेल तर हेच कमी प्रकाशातही होतं. दोन्ही एकत्र आले तर विचारायलाच नको. ‘ऊन लागणं’ या आपल्या शब्दात उष्णता आणि प्रकाश वेगळे काढलेले नाहीत. प्रवाळाच्या बाबतीत तेच शास्त्राला धरून आहे.

मुलाची ‘कात टाकण्या’ची शंका अगदीच वाया जाणारी नव्हती. लेदर कोरल अधूनमधून मिटतं, अंगावर मेणचट पापुद्रा येतो, आठवडाभर रुसल्यासारखं बसतं आणि मग पापुद्रा प्रवाहात उडून जातो. त्या वेळी वेव्हमेकरची, म्हणजे पाणी ढवळणाऱ्या पंपाची, धार थोडी त्याच्याकडे वळवली की काम होतं. पण कातेखालचा रंग कायम असतो. इथे तुरे बाहेर होते, पापुद्रा नव्हता, आणि फिकटपणा फक्त वरून, दिव्याच्या बाजूने. देठ आणि झालरीच्या खालची बाजू अजून तपकिरी. मशरूमही कडा आत वळवून बटणाएवढे झाले होते. प्रकाश कमी पडला तर उलटी लक्षणं दिसतात : झोआंथिडच्या माना लांबतात, लेदर एका अंगाला कलतं, मशरूम ताटलीसारखं पसरतं, सगळ्यांवर तपकिरी छटा चढते. ती काही आणीबाणी नव्हे. कमी प्रकाशाची चूक महिन्यांत कळते, जास्तीची दिवसांत.

मग मुलाला का दिसलं नाही?

कारण तो टँक रात्रीच बघतो. ऑफिसातून आल्यावर, निळ्या उजेडात. त्या निळ्यात प्रवाळातली चमकणारी रंगद्रव्यं पेटतात, आणि शैवालाचा तपकिरी पडदा गेला की उलट जास्तच पेटतात. बिचारं फिकट पडत होतं आणि याला वाटत होतं, नवा दिवा मानवला. आजी टँक दिवसा बघतात, साध्या उजेडात. दुकानातही हीच फसगत होते. खोल निळ्याखाली सगळंच जांभळं-हिरवं झगमगतं, आणि घरी आणल्यावर राखाडी निघतं. घेताना दुकानदाराला पांढरा दिवा लावायला सांगावं. नाही म्हणाला तर सरळ बाहेर पडावं. घरीही रोज पाच मिनिटं पांढऱ्या प्रकाशात टँक बघायची सवय ठेवावी, आणि आठवड्यातून एक फोटो त्याच कोनातून, त्याच पांढऱ्यात काढावा.

नवा दिवा आला की जुन्याच्या सेटिंगची नक्कल करायची नसते. सुरुवात एकूण तीस-पस्तीस टक्क्यांवर, दर आठवड्याला पाच टक्के वाढ, कोरलं सांगतील तिथे थांबायचं. दीड महिना सहज जातो. निळी बाजू मुख्य, पांढरी तिच्या पाव-तृतीयांश, लाल-हिरवं नावापुरतं किंवा शून्य. लाल फार सोडला की शेवाळाचं फावतं. दिवस आठ ते नऊ तासांचा, त्यात पूर्ण जोराचे पाच तास, दोन्ही टोकांना दीड-दोन तासांची चढण आणि उतरण. रात्री चांदणं म्हणून निळा दिवा मंद लावून ठेवायची हौस पुष्कळांना असते. पौर्णिमेचं खरं चांदणं लक्सच्या जेमतेम पाव-तृतीयांश भरतं. आपला ‘मंद’ दिवा त्याच्या कितीतरी पट असतो. त्यांना अंधार हवा असतो, तो द्यावा.

दिवा किती उंच टांगायचा, हा प्रश्न वॅटपेक्षा महत्त्वाचा. एलईडीवर भिंग असतं. साठ अंशांचं असेल तर विजेरीसारखा झोत पडतो : मधोमध भाजतं आणि कोपरे उपाशी. दीड फूट उंचीच्या टँकला नव्वद ते एकशेवीस अंश बरं. पाण्यापासून आठ ते बारा इंच वर दिवा ठेवला तर झोत एकमेकांत मिसळतात. तीन फुटांना एक जबर दिवा लावण्यापेक्षा दोन मध्यम केव्हाही चांगले. खडकाच्या मागच्या सावल्या मऊ होतात. बाजारात मिळणारा दोन खटक्यांचा काळा डबा, खोक्यावर १६५ वॅट लिहिलेला, प्रत्यक्षात कमीच वीज ओढतो, पण मऊ कोरलला तोही जास्तच पडतो. स्वस्त आहे, टिकतो, फक्त त्याच्या पंख्याचा आवाज कूलरशी स्पर्धा करतो. टी-फाइव्हची गंमत वेगळीच होती : लांब ट्यूबचा सपाट, बिनसावलीचा उजेड, ढगाळ सकाळीसारखा. पण ट्यूब नऊ ते बारा महिन्यांत थकतात, रंग पिवळ्याकडे झुकतो, डोळ्याला मात्र कळत नाही. बदलताना चारही एकदम बदलल्या तर तोच धक्का बसतो, म्हणून पंधरा दिवसांनी एकेक बदलायची. आता त्या मिळणंही कठीण होत चाललंय. निळा एलईडी बनवणाऱ्या तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. घराघरातल्या पांढऱ्या दिव्यामागे तोच निळा आहे, आणि या छंदाचं अर्थकारणही त्यानेच बदललं. अडीचशे वॅटचा मेटल हॅलाइड, म्हणजे जुना तापणारा दिवा, नागपुरात मे महिन्यात लावणं ही कल्पनाच आता घाम फोडते.

एलईडी थंड असतो, हा मात्र गैरसमज. घेतलेल्या विजेतला निम्म्याच्या आसपास भाग उष्णता होऊन पाठीवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांतून खोलीत जातो, आणि जो प्रकाश पाण्यात शिरतो तोही शेवटी तिथेच शोषला जाऊन पाणी तापवतो. बाहेर पंचेचाळीस-शेहेचाळीस आणि बंद हॉलमध्ये छत्तीस असताना दिव्याचा पंखा छत्तीसचीच हवा आत ओढतो. म्हणून या शहरात टँकचा दिवस दुपारी चारला सुरू करून रात्री एकच्या सुमारास मावळवावा. पूर्ण जोराचे तास संध्याकाळी सहानंतर येतात, तोवर ऊन उतरायला लागलेलं असतं. प्रवाळाला आपलं घड्याळ माहीत नाही, तासांची नियमितता माहीत आहे. वेळ सरकवायची ती रोज थोडी थोडी, एकदम पाच तास नाही.

पाणी गार ठेवायला चिलर नसेल, तर विदर्भातल्या उन्हाळ्यासारखा मित्र नाही. हवा इतकी कोरडी की टँकच्या काठावर बारा व्होल्टचे दोन कॉम्प्युटरचे पंखे पाण्यावर आडवे फुंकत ठेवले तर पाणी खोलीपेक्षा कितीतरी खाली राहतं. सुरईचंच तत्त्व. एक लिटर पाणी उडताना सुमारे दोन-तृतीयांश युनिट उष्णता घेऊन जातं. दिवसाला पाच लिटर उडालं तर सव्वातीन युनिटच्या वर. एकशेतीस वॅटचा दिवा नऊ तासांत टाकतो त्याच्या पावणेतीन ते तीन पट. पण पाणी उडतं, मीठ उडत नाही. १७० लिटर पाण्यातून पाच लिटर गेले की क्षारता हजारी पस्तीसची छत्तीस होते, एका दिवसात. रोज भर घालायची ती गोड्या पाण्याची, आणि तीही टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्य असलेल्या. स्वयंपाकघरातल्या आरओला चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळायचा स्क्रू असतो. नागपूरच्या नळाला येणारं पेंचचं पाणी माणसाला उत्तम, पण त्यातले फॉस्फेट-सिलिकेट या दिव्याखाली काचेवर तपकिरी साय होऊन उगवतात आणि मग दोष दिव्याला मिळतो. आरओच्या पुढे उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय राळेचा एक डबा जोडावाच लागतो. आणखी एक मेख : वाळ्याचा कूलर त्याच हॉलमध्ये चालू असेल तर हवा गार होते पण दमट होते, आणि काठावरचे पंखे निम्मे निकामी. टँक कूलरच्या तोंडासमोर नसावा, खिडकीची फट उघडी असावी. पाऊस लागला की हे पंखे फक्त वारा घालतात. जुलैत तापमापक बघताना मे महिन्यापेक्षा जास्त सावध राहावं लागतं, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही.

देखभाल म्हणाल तर रटाळ आणि थोडकी. दर रविवारी दिवा बंद करून, प्लग काढून, गार होऊ द्यायचा. खालच्या काचेवर शिंतोड्यांतून मिठाची पापडी धरते. ती कोरड्या फडक्याने घासली की चरे पडतात. आरओच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने आधी विरघळवायची, हट्टी असेल तर थोडा पांढरा व्हिनेगर, आणि पुन्हा पाण्याने पुसणं. टँकवर काचेचं झाकण असेल तर तेही. मळलं की ते निमूटपणे मोठा वाटा खातं, आणि महिनाभराने ते एकदम लख्ख केलं की खालच्या कोरलला नवा दिवा लागल्यासारखंच होतं. उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा पंखा आणि पाती रंगाच्या ब्रशने झाडायची. नागपूरची धूळ आणि मिठाची वाफ यांचा मिळून जो राखाडी लेप बसतो, तो पंख्याला आधी जड करतो, मग किरकिरा, मग बंद. दिव्याचे मणी पन्नास हजार तास चालतील म्हणतात. त्यांच्या आधी पंखा जातो, मग ड्रायव्हर, म्हणजे मण्यांना वीज पुरवणारा भाग. एखाद्या रंगाची अख्खी ओळ मिणमिणायला लागली तर मणी नव्हे, ड्रायव्हर किंवा गंजलेला जोड बघायचा. वायर प्लगच्या खाली झोळ घेऊन मग वर चढलेली असावी, म्हणजे ओघळणारं खारं पाणी सॉकेटपर्यंत न जाता झोळाच्या तळातून टपकतं. बोर्डात तीस मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा खटका, नसेल तर दिव्याच्या आधी तो.

रोहिणी-मृगाच्या वादळांत वीज जाते. इन्व्हर्टर असला तर त्यावर वेव्हमेकर आणि हवेचा पंप लावायचा, दिवा नाही. दोन दिवस अंधारात कोरलचं काही बिघडत नाही. स्थिर पाण्यात काही तासांत मासे गुदमरतात. चक्रीचा टायमर वीज गेली की तिथेच थांबतो आणि परत आली की मागे पडलेला चालतो. आठ दिवसांत टँकची संध्याकाळ मध्यरात्रीकडे सरकलेली असते, आणि कोरलं का रुसली ते कळत नाही. बॅटरीचा डिजिटल टायमर शे-दोनशे रुपये जास्त घेतो, पण वेळ सोडत नाही.

त्रिमूर्तीनगरात त्या संध्याकाळी दिवा तीस टक्क्यांवर आणला, आणि दोन इंच वर टांगला. लेदर जागचं हलवलं नाही. अशा वेळी ते खडकावरून उपटणं हा दुसरा धक्का. आजी म्हणाल्या, “मंग त्याले हिरवी जाळी बांध ना. सिग्नलवर माणसांसाठी बांधून राहिले, याच्यासाठी काय होते?” गेल्या काही उन्हाळ्यांत नागपूरच्या चौकांत ज्या जाळ्या ताणल्या जातात, त्या त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. मुलगा हसला, आणि मग गप्प झाला, कारण उपाय नेमका तोच आहे. दिवा सगळ्या टँकला एक, सावली मात्र एकालाच हवी, तेव्हा जाळीच लागते. डासांची फायबरची जाळी, तीन थर, फक्त लेदरच्या वर. विणीप्रमाणे एक थर चौथा ते तिसरा हिस्सा प्रकाश अडवतो. धातूची जाळी नको. गॅल्वनाइज्डमधलं जस्त मिठाच्या पाण्यात उतरतं आणि बिनकण्याच्या जिवांना विष होतं. जाळी दिव्यावर टाकायची नाही, त्याचा श्वास कोंडतो. टँकच्या काठांवर ताणायची. चार-पाच दिवसांनी एक थर काढायचा, तोही फोटोत रंग परतताना दिसला तरच. मधल्या काळात उपाशी जिवाला खाऊ घालायचं : आठवड्यातून दोनदा वेव्हमेकर बंद करून, बारीक कोरलखाद्य पिपेटने त्याच्या तुऱ्यांवर अलगद सोडायचं, पंधरा मिनिटांनी प्रवाह सुरू. जास्त घातलं की पाणी सडतं.

नवतपा २५ मेला लागला तेव्हा एक थर निघाला होता. पांढऱ्याच्या कडेने मळकट पिवळी रेघ आली होती, चहा सांडून सुकलेल्या डागासारखी. दुसरा थर काढायची वेळ झाली तेव्हा मुलगा ऑफिसात होता आणि आजींनी तो काढू दिला नाही. मृग लागेस्तोवर राहू दे, म्हणाल्या. फोटो बघता त्यांचं चुकत नव्हतं. जाळीखाली तुरे अर्धे बाहेर आले होते, आणि दुपारचा तो पांढरा पट्टा आता येत नव्हता; पडद्याची फट त्यांनी साडीची पिन लावून बंद केली होती.